केसभर सैल

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही, हे एक कारण. विचारणारा एकच माणूस होता, आणि त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, हे दुसरं.

या वर्षी सुनेच्या माहेराहून, मैंदर्गीहून, कोवळ्या ज्वारीची कणसं आली. पोरांनी गच्चीवर जुन्या घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. थोड्या वेळानं धुराला तो वास आला. अर्धा गोड, अर्धा जळका. सून ताटलीत हुरडा, शेंगाचटणी आणि गुळाचा खडा घेऊन खाली आली. "मामंजी, गरम आहे तोवर खा," म्हणाली. मी ताटली हातात घेतली आणि खाल्लं काहीच नाही. घरातल्यांना वाटतं, मला हुरडा सोसत नाही. तसं मीच सांगून ठेवलंय. खरं तर हुरड्याचा वास आला की मला जळकं ऑइल आठवतं, आणि अक्कलकोट रस्त्याच्या कडेला ज्वारीत शिरलेली एक हिरवी मोटार.

सत्तरच्या दशकातला तो एक हिवाळा. साल मुद्दाम सांगत नाही, कारण सालाचा काही दोष नव्हता. पाऊस बरा झाला होता, ज्वारी छातीएवढी आली होती, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेचे, पाळणे मैदानावर उतरायला लागले होते. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं बोरिंगचं दुकान होतं. झिजलेल्या इंजिनाचे सिलिंडर आतून कोरून पुन्हा गोल करायचे, हे माझं काम. मशीन वडिलांनी घेतलेलं, चांगल्या जातीचं. मी त्याला रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचो, आणि त्याच्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर अंगावर धावून जायचो. माझ्या हातचं बोअर, पिस्टन ज्यात खालीवर होतो ते गोल भोक, म्हणजे घट्ट, स्वच्छ, आरशासारखं. गिऱ्हाईक बोट फिरवून म्हणायचं, "वा." मला तेवढं पुरत असे. म्हणजे, पुरायला हवं होतं.

रस्त्यापलीकडे लिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये व्यंकू होता. विणकराघरचा तेलुगू पोरगा. बाप हातमागावर, आजा हातमागावर, आणि हा इंजिनावर. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याच्याकडे ना मशीन, ना पाटी. होता एक लहानसा, गोल तोंडाचा हातोडा. त्यानं तो लोखंडावर हलकेच मारायचा, मान तिरकी करायची, आणि सांगायचं, यात चीर आहे, यात नाही. ही विद्या कुठून आली असं विचारलं की तो म्हणायचा, "आमच्या नान्नाला, बापाला, मागाच्या खडखडाटात एक धागा तुटलेला कळतो. मला तर ह्ये सोपंच हाय की."

लोक आधी त्याच्याकडे जायचे, मग त्याचा निरोप घेऊन माझ्याकडे. "व्यंकूनं पाठवलंय," एवढं बोलून ते इंजिन माझ्या दारात टाकायचे आणि परत त्याच्या शेडमध्ये गप्पा मारायला जायचे. तिथून हसण्याचा आवाज यायचा. मी मशीनमागे उभा राहून तो हसण्याचा आवाज ऐकायचो. विनोद ऐकू यायचा नाही, नुसतं हसणं यायचं. अजूनही कधी शेजारच्या घरातून असं हसणं आलं की मी खिडकी लावून घेतो. सगळ्यांनी मानावं असं माझ्याकडे बरंच काही होतं. त्याच्याकडे जे होतं ते मात्र मला विकत घेता आलं नसतं, शिकताही आलं नसतं. माझी बायको शांता एकदा सहज म्हणाली, "व्यंकूभावजी आले की घरात कसं बरं वाटतं, नाही?" त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

माझे मामा, मल्लप्पा, मैंदर्गीचे भुसाराचे व्यापारी. त्यांच्याकडे एक जुनी लांबलचक अमेरिकन मोटार होती, हिरवी. बाजाराच्या दिवशी ते तिच्यातून सोलापूरला यायचे. गुलबर्ग्याकडच्या एका तुरीच्या व्यापाऱ्यानं नवी गाडी घेतली होती. तो अक्कलकोट रस्त्यावर मामांना मागून हॉर्न मारायचा, पुढं जायचा, आणि खिडकीतून हात बाहेर काढून धोतराचा सोगा हलवल्यासारखा रुमाल हलवायचा. मामांना व्यापारात खोट आलेली चालली असती, तो रुमाल चालत नव्हता.

एक दिवस ते माझ्या दुकानात आले. मला वाटलं, माझ्याकडे आले. ते स्टुलावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "शिवप्पा, त्या व्यंकूला बोलीव की जरा."

सख्खा मामा. माझ्या लग्नाएवढ्याच हौसेनं ज्यानं माझ्या मशीनची पूजा केली होती, तो माझ्या स्टुलावर बसून व्यंकूला बोलवत होता.

व्यंकूच्या डोक्यात बरेच दिवस एक खूळ होतं. तेव्हा उजनीला धरणाचं काम चाललं होतं. तिथल्या मोडक्या यंत्रांचं भंगार आमच्याकडे खाजाभाईच्या अड्ड्यावर यायचं. माती ओढणाऱ्या एका अवजड यंत्राचा ब्लोअर त्यानं हेरून ठेवला होता. ब्लोअर म्हणजे लोखंडी पेटीत एकमेकांत फिरणारे दोन पीळदार रूळ. बाहेरची हवा ओढायची आणि इंजिनात कोंबायची. इंजिन एरवी स्वतःच्या दमानं श्वास घेतं. हा त्याच्या छातीत श्वास भरतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर जोर जास्त. मामांना त्यानं एवढंच सांगितलं, "मामा, रुमाल त्याचा न्हाय, तुमचा हलंल." मामा स्टुलावरच उंच झाले.

पण हवा कोंबायची तर ती सोसणारं पोटही हवं. मामांच्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे सगळे सिलिंडर ज्याच्या पोटात असतात तो ओतीव लोखंडाचा ठोकळा, वेळोवेळी कोरून पातळ झाला होता. नशिबानं तेच इंजिन एका ट्रकलाही यायचं. खाजाभाईकडे तसे दोन ब्लॉक निघाले. एक कोरा, लष्करी साठ्यातला, ग्रीस आणि मेणकागदात गुंडाळलेला. दुसरा ट्रकमधून उतरवलेला, काळा, तेलकट, वर्षानुवर्षं राबलेला.

आम्ही तिघं गेलो. मी कोऱ्या ब्लॉकवर हात ठेवला. व्यंकूनं दोन्ही साखळीनं अधांतरी टांगायला लावले आणि हातोडा काढला. खाजाभाई विडी ओढत म्हणाला, "क्या देखरे मियाँ? लडकी देखने आए क्या?"

"लडकी नक्को खाजाभाई," व्यंकू म्हणाला, "सास होना. तपी हुई."

खाजाभाईला ठसका लागला. मामा पोट धरून हसले. मीही हसलो, न हसून कसं चाललं असतं?

त्यानं कोऱ्यावर मारलं. मग जुन्यावर. मग पुन्हा कोऱ्यावर, वेगळ्या जागी. मग बराच वेळ जुन्यावर कान लावून उभा राहिला. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांतून तार घालून भिंतींची जाडी चाचपली. शेवटी जुन्यावर थाप मारली. "ह्यो."

"अरे, नवा सोडून जुना का घ्यायलाय ह्यो?" मामांनी मला विचारलं.

उत्तर व्यंकूनंच दिलं. "मामा, नवीन ओतलेलं लोखंड अंगात ताण धरून असतंय. जोराच्या पयल्या तापात कुटंतरी वाकडं होतंय. ह्यो तापला, निवला, परत तापला. जितकं हलायचं तितकं हलून बसलाय. आता ह्यो हलत न्हाय."

"जुनं लोखंड दमतंय," मी म्हणालो.

"आपन दमलो व्हय शिवा? आता कुटं आपल्याला जमायलंय." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ऐक, तूच ऐक." हातोडा माझ्या हातात दिला.

मी मारलं. एकावर, मग दुसऱ्यावर. मला दोन्ही सारखेच ऐकू आले.

मी म्हणालो, "व्हय, फरक हाय." ही माझी त्या हिवाळ्यातली पहिली लबाडी. आणि मला जे सहन झालं नाही ते हेच. त्याला ऐकू येतं, मला येत नाही. तो मला ऐकवायला तयार आहे, दानासारखं, आणि तरी मला येत नाही.

पुढचे दिवस सुखाचे होते, हेही लिहायला हवं. सकाळी थंडीत लोखंडाला हात लावला की बोटं गारठायची. दुपारी लिंबाखाली भाकरी, लाल चटणी, कांदा. व्यंकूनं ट्रकचा घडीव क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या जोरानं फिरणारा दांडा, निवडला, त्यालाही वाजवून. पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड सगळे सारख्या वजनाचे हवेत म्हणून तो ते पिशवीत घालून ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेला. सराफानं गादीवर फडकं अंथरून ते तराजूत ठेवले आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मोडीत घालायचे का घडणावळ?" व्यंकू तिथंच कानशीनं जड रॉड घासत बसला. आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसू आल्याबरोबर राग येतो की हे मला का सुचलं नाही.

पिस्टन त्यानं जाड डोक्याचे आणले, जोर सोसणारे. ब्लोअर आधीच हवा दाबून देणार, म्हणून वर जागा जास्त हवी, यासाठी त्यांची डोकी मी लेथवर तासून दिली. मग तो मला म्हणाला, ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "शिवा, बोअर केसभर सैल ठेव. तुझ्या नेहमीपेक्षा सैल. जाड पिस्टन तापला की जास्त फुगतो, आणि ह्यो लई तापनार. पिस्टन सोडला की आपला आपला खाली उतरला पायजे, रमतगमत."

आमच्या धंद्यात 'सैल' ही शिवी होती. सैल बोअर म्हणजे इंजिन धूर सोडणार, ऑइल पिणार, आणि बोरिंगवाल्याचं नाव जाणार. घट्ट बसवणं ही माझी एकुलती एक विद्या. त्याच्या या इंजिनात माझ्या हातचं जे काय दिसणार होतं ते सिलिंडरच्या आत, झाकणाखाली. आणि तिथंही त्याचंच ऐकायचं?

मी "बरं" म्हणालो.

नेमकं त्याच सुमारास त्याच्या बहिणीचं लग्न निघालं, आणि तो शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मांडवात अडकला. तपासायला येतो म्हणाला होता. आला नाही. निरोप आला: "शिवानं केलं म्हणजे झालं." मी मशीन लावलं. हात हँडलवर असताना केसभर कुठं असतं आणि ते कुठं संपतं, हे मला त्या काळी डोळे मिटून कळत होतं. मी नेहमीच्या मापावर थांबलो. पिस्टन सोडला. तो उतरला नाही. अंगठ्यानं दाबला तेव्हा गेला, माझ्या सगळ्या पिस्टनांसारखा, लोण्यात सुरी गेल्यासारखा. किती सुंदर बसलाय, असं मनात म्हणालो. आणि इंजिन जुळवायला घेतलं.

मी मुद्दाम केलं का? बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की मला खरंच वाटत होतं, घट्ट तेच बरोबर. असं सांगणं सोपं जातं. पण मग पुढची गोष्ट उरते.

गड्ड्याच्या आदल्या आठवड्यात गाडी अक्कलकोट रस्त्याला काढली. स्टिअरिंगवर व्यंकू, शेजारी नवा फेटा बांधून मामा. इंजिन आधी हळू चालवून बसवलेलं होतं. तेवढ्या वेगात कसलीच कुरकुर नव्हती. ब्लोअरचा आवाज पिपाणीसारखा यायचा. आजूबाजूच्या शेतातली माणसं उभी राहून बघत होती. रस्त्याकडेच्या रानात ओळखीच्या पाटलानं हुरड्याची आगटी पेटवली होती.

"शिवप्पा, बस मागं," मामा म्हणाले.

"तुमी जावा मामा. मी हितंच थांबतो, हुरडा खातो."

"अबे, तुझंच बोअर हाय की आत," व्यंकू म्हणाला. "बस ना."

मी बसलो नाही. माझ्या मनाला ठाऊक नसतं तर मी का बसलो नाही? ह्या प्रश्नापुढं माझं सगळं समर्थन त्या दिवसापासून अडून बसलंय.

गाडी गेली. तशी गाडी मी नंतर कधी पाहिली नाही. रस्ता तिच्याखालून कुणीतरी ओढून घेतल्यासारखा. पिपाणीचा आवाज चढत गेला, आणि मी, एवढं सगळं मनात असूनही, आगटीजवळ उभा राहून ओरडलो, "वा रे व्यंकू!" आनंदानं. मग पुन्हा तोच हेवा. तळहातावर गरम हुरडा होता, तो तसाच भाजत राहिला. वळून परत येताना आवाज एकदम तुटला. पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये आवळला होता. मागची चाकं जागच्या जागी अडकली, गाडी आडवी झाली आणि ज्वारीत शिरली. व्यंकूनं क्लच दाबला म्हणून ती उलटली नाही. आम्ही धावलो. मामा फेटा सावरत बाहेर आले. व्यंकूच्या कपाळातून रक्त येत होतं. तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता, तापानं बिथरलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. भोवती मोडलेली ज्वारी, जळकं ऑइल आणि हुरड्याचा धूर.

इंजिन माझ्या दुकानात उघडलं. सिलिंडरच्या भिंती ओरबाडलेल्या. व्यंकूच्या डोक्याला पट्टी होती. त्यानं ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "शिवा, सैल किती ठेवलंतास?"

"तू सांगितलंस तेवढं."

मोजायचं साधन माझ्याच भिंतीला टांगलेलं होतं. खालच्या न ओरबाडलेल्या भागावर लावलं असतं तर सगळं कळलं असतं. त्यानं ते मागितलं नाही. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. त्याला मापाची गरज वाटली नाही.

मामांनी विचारलं, "मग झालं काय?"

"ब्लॉक हलला असंल," मी म्हणालो. "जुनाच होता. मी तवाच म्हणालोतो."

व्यंकूनं हातोडा घेतला आणि त्या ब्लॉकवर मारला. मग दुसऱ्या टोकाला. कान लावला. तो पुन्हा पुन्हा मारत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ वाढत होता. मला त्या लोखंडात काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्याचा चेहरा मला वाचता येत होता. ब्लॉक त्याला बरोबर असल्याचं सांगत होता. आणि मित्र चूक असल्याचं सांगत होता.

"मला तर अजून सरळच ऐकू यायलंय," तो शेवटी म्हणाला. "म्हंजे माझा कानच खोटा."

हातोडा त्यानं माझ्या बाकावर ठेवला. न्यायला परत आला नाही.

मामा "होगली बिडू, तम्मा," म्हणाले. जाऊ दे रे. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, पण त्यानंतर ते थेट माझ्याकडे यायला लागले. हळूहळू बाकीचेही. व्यंकूच्या शेडमधलं हसणं आधी कमी झालं, मग बंद. कुणी इंजिन आणलं की तो म्हणायचा, "शिवाकडे न्या, तो मोजून सांगंल. माझं काय खरं न्हाय." पुढच्या हिवाळ्याआधी त्यानं शेड सोडली आणि पूर्व भागात यंत्रमागांच्या दुरुस्तीला लागला. मला हवं होतं ते सगळं मिळालं. लिंबाखालची ती जागासुद्धा मीच भाड्यानं घेतली. तिथं बसून भाकरी खाल्ली की ती नुसती भाकरी लागायची.

तिकडं चादरीच्या कारखान्यांतही लोक त्याला गल्लीगल्लीतून हाका मारायचे, असं कानावर यायचं. आणि मी, ज्यानं त्याचं सगळं घेतलं होतं, तेही ऐकून जळायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण आज खरं तेवढंच लिहायचं ठरवलंय.

तो ब्लॉक मी भंगारात घालतो म्हणून ठेवून घेतला, आणि घातला नाही. एकदा दुकानात कुणी नसताना त्याच्या वरच्या तोंडावर पोलादी सरळपट्टी ठेवली आणि पलीकडे दिवा धरला. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. इतका सरळ ब्लॉक मी आयुष्यात पाहिला नाही.

दोन हिवाळ्यांमागे कळलं की व्यंकू अंथरुणाला खिळलाय. हुरड्याची पिशवी घेऊन गेलो. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. बारीक झाला होता, पण मला बघून उठून बसला. "शिवा! अबे, म्हातारा झालास की." त्याच्या बायकोनं चहा दिला. आम्ही शाळेतल्या मास्तरांवर हसलो, सराफावर हसलो. मग त्यानं खिडकीकडे मान तिरकी केली. शेजारी कुठंतरी माग चालला होता.

"शिवा, तो ब्लॉक कुटंय रे? एकदा वाजवून बघावा म्हंतो. मरायच्या आधी."

दुकानात होता. पोरांना सांगून हातगाडीवर घालून आणता आला असता.

"तो कवाच भंगारात गेला," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. "उगी तुझी जागा अडवून बसला असता." आणि माझ्या आणलेल्या हुरड्यातले चार दाणे तोंडात टाकून म्हणाला, "गोड हाय."

गड्ड्याच्या आधी तो गेला. मी पोहोचलो तेव्हा गल्लीत उभं राहायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीचाही मला हेवा वाटला.

आज हुरड्याची ताटली बाजूला ठेवून मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. ब्लॉक तिथं आहे. हातोडाही. मी मारून बघितलं. मला आजही नुसतं लोखंडच ऐकू आलं. मग रिक्षात पाठ केलेलं, त्याच्या खोलीत गिळलेलं वाक्य त्या ब्लॉकपुढं उभं राहून म्हणालो, आणि तेच इथं लिहितो, म्हणजे निदान कुणीतरी वाचेल. व्यंकू, ब्लॉक हलला नव्हता. बोअर मी घट्ट ठेवलं होतं. तुला बरोबरच ऐकू येत होतं. मला माफ कर.